उजेडाची चिठ्ठी

महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ हा शब्द कानाचा. विसर्जन मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, खिडक्यांच्या काचांची थरथर, ‘यंदा डॉल्बी नाही’ असे बजावणारी पोलिसांची बैठक, आणि तरीही शेवटच्या रात्री कुठून तरी येणारा तो धमधमाट. त्या भिंतीतल्या खोक्यांचा डॉल्बी नावाच्या कंपनीशी बहुधा काही संबंध नसतो, पण नाव चिकटले ते चिकटले. त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास टीव्ही घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाने खोक्यावर ‘डॉल्बी व्हिजन’ वाचून ‘आवाज किती वॅटचा?’ असे विचारले, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. विक्रेता सांगतो, हे आवाजाचे नाही, चित्राचे आहे. शेजारच्या टीव्हीवर ‘एचडीआर १० प्लस’ असते, त्याच्या पलीकडे नुसतेच ‘एचडीआर १०’, आणि माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत ‘एचएलजी’. यातले चांगले कोणते, असे विचारले की जो टीव्ही त्या दिवशी खपवायचा असेल, त्यावरचे नाव सर्वांत चांगले ठरते.

ही चार नावे म्हणजे एकाच अडचणीवरची चार उत्तरे आहेत, आणि ती अडचण टीव्हीपेक्षा फार जुनी आहे. भर दुपारी ओसरीवर बसलेल्या आजीचा फोटो काढायचा म्हटले, की आजी नीट येते तेव्हा अंगण पांढरेफटक पडते, आणि अंगण नीट आले की आजी काळोखात जाते. डोळ्याला दोन्ही दिसतात, कॅमेऱ्याला नाही. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ले ग्रे याला १८५० च्या दशकात समुद्राची दृश्ये टिपताना हाच त्रास झाला. त्याने समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी घेतली, आणि दोन्ही जोडून एकच चित्र छापले.

काळोख आणि उजेड यांच्यातले हे अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज. ते अंतर मोठे, म्हणजे ‘हाय’, ठेवून चित्र घरापर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतींना एचडीआर म्हणतात. उजेड मोजायचे माप निट. एक चौरस मीटरच्या पृष्ठभागातून ढोबळमानाने एका मेणबत्तीइतका उजेड समोर येत असेल तर तो एक निट. जाडजूड काचेच्या टीव्हीच्या काळापासून चित्राचे रंग पक्के करणारे तंत्रज्ञ, म्हणजे कलरिस्ट, १०० निट हीच कमाल धरून काम करत आले. पुढे टीव्ही चपटे झाले, कितीतरी जास्त उजळ झाले, पण आत येणारे चित्र मात्र त्याच शंभराच्या डब्यात भरलेले राहिले. त्या डब्यात नायकाचा पांढरा सदरा, मागचा ट्यूबलाइट आणि खिडकीतला सूर्य, तिघेही वरच्या टोकाला एकमेकांना खेटून बसलेले असतात. सूर्य सदऱ्यापेक्षा तेजस्वी आहे हे प्रेक्षकाने समजून घ्यायचे.

एचडीआरमध्ये सदरा जिथे होता जवळपास तिथेच राहतो. दिव्याला आणि सूर्याला मात्र वर जायला जागा मिळते. म्हणून ‘एचडीआर म्हणजे सगळे चित्र जास्त भगभगीत’ हा समज मुळातच चुकीचा आहे, आणि दुकानातले डेमो व्हिडिओ तो समज दिवसभर पक्का करत असतात. चांगल्या एचडीआर चित्रातला बराचसा भाग साध्या चित्राइतकाच उजळ असतो. फरक दिसतो तो देवघरातल्या समईच्या ज्योतीत, पितळेवरच्या चकाकीत, पावसात ओल्या झालेल्या रस्त्यावर पडलेल्या गाडीच्या दिव्यांत.

पण नुसती जागा वाढवून भागत नाही. साध्या व्हिडिओत लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. शंभर निटपर्यंत त्या पुरतात. तेवढ्याच पायऱ्या हजारो निटवर पसरल्या तर दोन पायऱ्यांमधली उडी डोळ्याला दिसू लागते, आणि संध्याकाळच्या आभाळात रंग एकमेकांत विरघळण्याऐवजी पट्टे उमटतात. म्हणून एचडीआरने १० बिट घेतले. रंगामागे १,०२४ पायऱ्या झाल्या, आणि एकूण छटा सुमारे १ कोटी ६८ लाखांवरून १०७ कोटींवर गेल्या. तरीही प्रश्न उरला, की या पायऱ्या मांडायच्या कशा? सारख्या अंतरावर, की कुठे दाट आणि कुठे विरळ?

इथे गोष्ट पुन्हा डॉल्बीकडे येते. कंपनीचे संस्थापक रे डॉल्बी हे कंपनी काढण्याआधी, १९६३ ते १९६५ या काळात, संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. इथून लंडनला परतल्यावर त्यांनी डॉल्बी लॅबोरेटरीज सुरू केली आणि टेपवरची खरखर कमी करण्याच्या युक्तीने नाव कमावले. चित्राच्या धंद्यात कंपनी फार उशिरा उतरली. २००७ मध्ये तिने ब्राइटसाइड ही कॅनडातली कंपनी विकत घेतली. झगझगीत उजेड देणारे आणि त्याच वेळी काळा रंगही राखणारे पडदे ही त्या कंपनीची खासियत. असे पडदे हाताशी असले, की माणसाला किती उजेड आणि किती काळोख हवासा वाटतो हे प्रत्यक्ष माणसे बसवून तपासता येते. त्या तपासातून वरची मर्यादा १०,००० निट ठरली. पायऱ्यांचे गणित डच संशोधक पीटर बार्टेन यांनी मांडलेल्या, डोळ्याला उजेडातला किती फरक कळतो याच्या हिशेबावर बेतले. डोळा अंधारात बारीक फरक ओळखतो आणि लख्ख उजेडात ढोबळच. तेव्हा पायऱ्या अंधाराच्या बाजूला दाट आणि उजेडाच्या बाजूला विरळ ठेवल्या. या मोजपट्टीला पीक्यू म्हणतात. तिची जवळपास निम्मी लांबी पहिल्या १०० निटवरच खर्च होते, पाऊण लांबीवर १,००० निट येतात, आणि तिथून १०,००० पर्यंतचा सगळा प्रवास उरलेल्या पावात उरकतो.

सिनेमा आणि टीव्हीची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या एसएमपीटीई या संस्थेने २०१४ मध्ये पीक्यूला मानक म्हणून मान्यता दिली. आणि इथेच या भांडणातली गंमत आहे. डॉल्बी व्हिजन, एचडीआर १० आणि एचडीआर १० प्लस हे तिन्ही प्रतिस्पर्धी उजेड मोजतात तो याच, डॉल्बीत घडलेल्या, पट्टीने. मग भांडण कशावरून आहे?

ते आहे चित्र आक्रसण्यावरून. समजा, एखादा चित्रपट कलरिस्टने ४,००० निटच्या मॉनिटरवर पक्का केला. घरातल्या टीव्हीची धाव ६०० निटपर्यंत. वरच्या ३,४०० निटचे काय करायचे? कापून टाकले तर ढगांचा पोत जातो आणि आभाळात पांढरा डाग उरतो. सगळे चित्र त्या प्रमाणात खाली दाबले तर ढग वाचतात, पण ढगांखाली उभ्या माणसाचा चेहरा काळवंडतो. टीव्हीला दर क्षणी यातला काहीतरी सौदा करावा लागतो. तंत्रज्ञांच्या भाषेत हे टोन मॅपिंग. सौदा नीट व्हावा म्हणून चित्रासोबत टीव्हीसाठी थोडी माहिती पाठवतात. तिला मेटाडेटा म्हणतात, पण काम पाहता ती सरळसरळ एक चिठ्ठी आहे. हे चित्र किती उजेडाचे आहे, तू तुझ्या कुवतीप्रमाणे असे असे कर, इतकाच मजकूर. ही चिठ्ठी किती वेळा पाठवायची, कोणी लिहायची आणि तिचे पैसे घ्यायचे की नाही, यावर तीन तट पडले आहेत.

एचडीआर १० ही सगळ्यांत साधी पद्धत. अमेरिकेतल्या कन्झ्युमर टेक्नॉलॉजी असोसिएशनने ती ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर केली. कोणालाही फुकट वापरता येते. हिची चिठ्ठी अख्ख्या चित्रपटाला एकच. कोणत्या मॉनिटरवर काम झाले, सर्वांत तेजस्वी ठिपका किती निटचा आणि सर्वांत उजळ चौकटीची सरासरी किती, एवढेच त्यात असते. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात एकदाच वीज कोसळली आणि ती ४,००० निटची असली, तरी कंदिलाच्या उजेडात चाललेल्या घरातल्या संवादालाही टीव्ही त्या विजेचाच हिशेब लावू शकतो. लग्नघरातल्या सगळ्या माणसांना घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या मापाचे कपडे शिवण्यासारखे ते आहे. शिवाय बऱ्याच चित्रफितींत ती चिठ्ठी कोरीच येते, रकान्यांत नुसती शून्ये, आणि मग टीव्हीला अंदाजाने कारभार करावा लागतो.

डॉल्बी व्हिजन जानेवारी २०१४ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात जाहीर झाले, म्हणजे एचडीआर १० च्याही आधी. त्यात चिठ्ठी प्रसंगागणिक, हवी तर प्रत्येक चौकटीगणिक बदलते. ती लिहिण्याची रीत पाहण्यासारखी आहे. कलरिस्ट आधी एचडीआर चित्र मनासारखे करतो. मग सॉफ्टवेअर प्रत्येक शॉटमधला सर्वांत कमी, मधला आणि सर्वांत जास्त उजेड मोजते. त्यानंतर तेच चित्र १०० निटच्या साध्या टीव्हीसाठी आपोआप आक्रसून दाखवले जाते आणि कलरिस्ट शॉटमागून शॉट बघत बसतो. इथे नायिकेचा चेहरा दबला, जरा वर घे. इथे खिडकी भडकली, खाली घे. या फेरीला धंद्यात ‘ट्रिम’ म्हणतात. पुढे कोणाच्या घरी ४०० निटचा टीव्ही असो की ९०० चा, दोन टोकांना कलरिस्टने काय केले हे ठाऊक असल्यामुळे टीव्ही मधली वाट काढतो. नेटफ्लिक्स आपल्या फोर-के एचडीआर निर्मितींसाठी डॉल्बी व्हिजन मागते, म्हणून मुंबईतल्या पोस्ट प्रॉडक्शन स्टुडिओंतही ही ट्रिमची फेरी आता नेहमीची झाली आहे.

डॉल्बी व्हिजनची व्याख्या १२ बिटपर्यंत जाते, आणि तिच्या जाहिरातीत हा आकडा ठसठशीत असतो. घरातले पडदे १० बिटचे, अनेकदा त्याहूनही कमी कुवतीचे असल्यामुळे त्या जादा दोन बिटांवर फार भुलू नये. त्यापेक्षा तिच्या अभियंत्यांची एक चलाखी सांगण्याजोगी आहे. टीव्ही आणि प्लेअर जोडणाऱ्या एचडीएमआय केबलच्या जुन्या नियमांत बदलत्या चिठ्ठीला जागाच नव्हती. ती अधिकृतपणे मिळाली २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये. डॉल्बीने वाट पाहिली नाही. रंगांच्या आकड्यांतले जे शेवटचे, डोळ्याला जवळपास न जाणवणारे बिट असतात, त्यांतच चिठ्ठी लपवून पाठवली. केबलला वाटते साधे चित्र चालले आहे, पलीकडचा टीव्ही मात्र त्यातून मजकूर वेचून घेतो.

हे सगळे अर्थातच परवान्याचे. टीव्ही बनवणाऱ्याने डॉल्बीकडून प्रमाणपत्र घ्यायचे आणि दर नगामागे पैसे मोजायचे. एका टीव्हीमागे ही रक्कम काही फार नसते, पण वर्षाला कोट्यवधी टीव्ही विकणाऱ्या कंपनीला ती बोचते. पैशांहूनही जास्त बोचते ती दुसरी गोष्ट. चित्र कसे दिसावे याची शेवटची दोरी बाहेरच्या कंपनीच्या हाती जाते.

म्हणून एप्रिल २०१७ मध्ये सॅमसंग आणि ॲमेझॉन यांनी एचडीआर १० प्लस पुढे आणले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्स आणि पॅनासॉनिक सॅमसंगच्या सोबतीला आले. कल्पना तीच, प्रसंगागणिक बदलती चिठ्ठी. फरक असा, की दर नगामागे रॉयल्टी नाही, फक्त वर्षाचे प्रशासकीय शुल्क. एचडीआर १० वरच ही जादा चिठ्ठी चढवलेली असल्यामुळे ज्या टीव्हीला ती वाचता येत नाही, तो ती सोडून देतो आणि खालचे चित्र दाखवतो. फॉक्सने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची फोर-के डिस्क एचडीआर १० प्लसमध्ये काढली तेव्हा या गटाला बळ आल्यासारखे वाटले. पण २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा सिनेमा व्यवसाय ताब्यात घेतला, आणि डिस्नेचे सूत डॉल्बीशी जुळलेले. सॅमसंगच्या गटाने हॉलिवूडमधला आपला मोठा सोबती असा गमावला.

टीव्ही बाजारात मात्र रेषा आखल्या गेल्या त्या गेल्याच. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नाही. एलजी आणि सोनीच्या टीव्हीत एचडीआर १० प्लस नाही. पॅनासॉनिक, हायसेन्स, टीसीएल यांच्या अनेक मॉडेलांत दोन्ही आहेत. ज्यांना वरच्या दोघा-तिघांशी टक्कर द्यायची, त्यांनी कोणाशीच वाकडे घेतलेले नाही. ॲमेझॉन प्राइमवर एचडीआर १० प्लस पहिल्यापासून होते. नेटफ्लिक्सने दहा वर्षे डॉल्बीची साथ दिली आणि मार्च २०२५ पासून एचडीआर १० प्लसमध्येही चित्र पाठवायला सुरुवात केली. त्या दिवशी जगभरातल्या सॅमसंगच्या कित्येक टीव्हींचे चित्र मालकांनी काहीही न करता थोडे सुधारले असणार, आणि बहुतेकांच्या ते लक्षातही आले नसणार.

व्हीएचएस आणि बीटामॅक्स किंवा ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांच्या लढायांत एकाला मरावे लागले. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली तेव्हा ती यंत्रे घेतलेल्यांच्या हाती नुसते खोके उरले. एचडीआरच्या भांडणात तसे होत नाही, कारण तळाशी एचडीआर १० सगळ्यांना समजते. २०१६ मध्ये आलेल्या फोर-के ब्लू-रे डिस्कवर ते सक्तीचेच आहे, बाकीच्या चिठ्ठ्या ऐच्छिक. डॉल्बी व्हिजनमधला चित्रपट सॅमसंगवर एचडीआर १० म्हणून चालतो, एचडीआर १० प्लसमधला एलजीवर एचडीआर १० म्हणून. ‘चुकीचा’ टीव्ही घेतला तर चित्र थोडे कमी जमते, पण बंद पडत नाही. त्यामुळे ही लढाई बिनरक्ताची आहे, आणि बहुधा म्हणूनच ती संपतही नाही.

या तिन्हींपासून फटकून असलेले चौथे नाव एचएलजी, म्हणजे हायब्रिड लॉग-गामा. दुकानात त्याचे कौतुक कोणी करत नाही, पण सर्वांत समजूतदार कल्पना कदाचित त्याचीच आहे. ब्रिटनची बीबीसी आणि जपानची एनएचके या दोन प्रसारण संस्थांच्या संशोधकांनी मिळून ती काढली. त्यांच्यापुढचा प्रश्न सिनेमावाल्यांपेक्षा निराळा होता. थेट सामना चालू असताना बसून ट्रिम करायला कलरिस्ट कुठून आणणार? कॅमेऱ्यातून निघालेले चित्र ओबी व्हॅनमध्ये जाते, त्यावर धावफलक चढतो, मध्ये जाहिराती येतात, उपग्रहावरून उतरून ते घरोघर पोहोचते. इतक्या हातांतून जाताना चिठ्ठी कुठे गळाली हे कळणारही नाही. आणि प्रेक्षकांतल्या अनेकांकडे जुनाच टीव्ही. त्यांच्यासाठी वेगळी वाहिनी चालवणे परवडत नाही.

म्हणून त्यांनी चिठ्ठीच काढून टाकली. एचएलजीत उजेडाच्या पट्टीचा खालचा अर्धा भाग जवळपास साध्या टीव्हीच्या पद्धतीचा ठेवला आणि वरच्या अर्ध्यात तेजस्वी भाग लॉगॅरिदमने दाबून बसवला. एचडीआर टीव्हीला वरचा भाग उलगडता येतो. जुना टीव्ही त्याच संदेशाला साधे चित्र समजून दाखवतो, आणि ते बघण्याजोगे असते. अट एवढीच, की त्या टीव्हीला नव्या पद्धतीचे विस्तृत रंग कळायला हवेत. जुलै २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने पीक्यू आणि एचएलजी दोन्हींना एकाच शिफारशीत जागा दिली. त्या डिसेंबरात बीबीसीने ‘प्लॅनेट अर्थ २’ची चार मिनिटांची झलक एचएलजीत दाखवली, वर्षभराने ‘ब्लू प्लॅनेट २’ची सगळी मालिका, आणि २०१८ मध्ये फुटबॉल विश्वचषकाचे सामने. एनएचकेने १ डिसेंबर २०१८ ला एट-के वाहिनी सुरू केली तीही एचएलजीवरच.

एचएलजीचा आणखी एक गुण भारतीय घरांत विशेष कामाचा आहे. पीक्यूमध्ये प्रत्येक आकड्याचा अर्थ ठरलेला: अमुक आकडा म्हणजे अमुक निट, खोली कोणतीही असो. तो अर्थ ठरवताना गृहीत धरलेली खोली आहे स्टुडिओतली, पडदे ओढलेली, जवळजवळ काळोखी. आपला दिवाणखाना तसा नसतो. समोरासमोर खिडक्या, छताला पांढरा एलईडी, स्वयंपाकघरातून येणारा उजेड, आणि पडदे ओढले तर ‘दिवसाढवळ्या अंधार कशाला’ म्हणून येणारी आई. अशा खोलीत काटेकोर एचडीआर चित्रपट लावला, की रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात. साध्या चित्रात ब्राइटनेस वाढवून वेळ निभावते. एचडीआरमध्ये टीव्ही बहुधा आधीच आपल्या कमाल उजेडावर असतो, वर जायला वावच नसतो. ‘पैसे जास्त घेतले आणि दिसते कमी’ ही तक्रार त्यातून येते, आणि ती अगदी खरी असते. एचएलजीची पट्टी सापेक्ष आहे, टीव्हीच्या उजेडाप्रमाणे ती स्वतःला जुळवून घेते. डॉल्बीला हे दुखणे कळले तेव्हा तिने २०२० मध्ये ‘डॉल्बी व्हिजन आयक्यू’ आणले. टीव्हीच्या कडेला बसवलेला संवेदक खोलीतला उजेड मोजतो आणि चित्राचा काळोखी भाग त्याप्रमाणे वर उचलतो. सॅमसंगच्या गटाने पुढच्याच वर्षी ‘एचडीआर १० प्लस ॲडॅप्टिव्ह’ने उत्तर दिले. काटेकोरपणाचा अभिमान बाळगणाऱ्या दोघांनाही शेवटी खिडकीपुढे नमते घ्यावे लागले.

चिठ्ठीचा उपयोग किती, हे टीव्हीवर अवलंबून आहे, आणि ते गणित थोडे विचित्र आहे. स्वस्तातल्या टीव्हीच्या खोक्यावर ‘एचडीआर सपोर्ट’ असते, त्याचा अर्थ एवढाच, की तो एचडीआर संदेश घेतो आणि नकार देत नाही. पडद्याचा उजेड २५०-३०० निट, मागचा दिवा सगळीकडे एकच. त्यामुळे तारांगणातले तारे उजळायचे म्हटले की आभाळही करडे होते. अशा पडद्याला कितीही बारकाईने लिहिलेली चिठ्ठी दिली तरी तो करणार काय? दुसऱ्या टोकाला काही महागडे मिनी एलईडी टीव्ही, छोट्या भागात २,००० निटच्याही वर जाणारे. त्यांच्यावर १,००० निटचा चित्रपट लावला तर आक्रसायला काही उरतच नाही, मग चिठ्ठी एक असो की हजार. बदलती चिठ्ठी खरी कामाला येते ती मधल्या टीव्हींवर, ५०० ते ८०० निटच्या, चांगल्या पण फार महाग नसलेल्या. खोक्यावरच्या शिक्क्यांपेक्षा मागचा दिवा किती भागांत वेगवेगळा मंद होतो, म्हणजे लोकल डिमिंग आहे का, की ओएलईडी असून प्रत्येक ठिपका स्वतः विझतो, हे विचारणारे गिऱ्हाईक जास्त शहाणे.

शिवाय आता टीव्हीच चिठ्ठीच्या भरवशावर बसत नाहीत. आलेली प्रत्येक चौकट स्वतः तपासून, एचडीआर १० ची एकुलती एक चिठ्ठी बाजूला ठेवून, आक्रसायचे कसे ते जागच्या जागी ठरवणारे टीव्ही बरेच आहेत. चित्र त्यामुळे उठावदार होते, फक्त ते दिग्दर्शकाला हवे होते तसेच असेल याची हमी नाही. टीव्ही चित्रावर परस्पर इतके संस्कार करू लागले, की २०१९ मध्ये ते सगळे एका झटक्यात बंद करणारा ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर करावा लागला. मार्टिन स्कोर्सेसी आणि क्रिस्टोफर नोलन यांच्यासारख्यांनी त्याला पाठिंबा दिला. बहुतेक घरांत तो मोड मेन्यूच्या तिसऱ्या पानावर पडून असतो.

खिशातल्या फोनने तर आणखी एक कोडे घातले आहे. २०२० च्या आयफोन १२ पासून ॲपलचे फोन डॉल्बी व्हिजनमध्ये चित्रण करतात. हळदीचा, मुंजीचा, पहिल्या पावसाचा व्हिडिओ घरच्या घरी एचडीआरमध्ये, आणि कलरिस्टच्या जागी एक चिप. आत डोकावले तर तिथे डॉल्बीची चिठ्ठी चक्क एचएलजीच्या चित्रावर चिकटवलेली असते. चिठ्ठी वाचता आली तर उत्तम, नाही तर खालचे एचएलजी आहेच. दुकानात ज्यांची तुलना होते ते दोघे त्या फाइलमध्ये एकमेकांच्या आधाराने उभे आहेत. सॅमसंगच्या वरच्या फोनमध्ये अर्थातच एचडीआर १० प्लस.

सप्टेंबर २०२५ मध्ये डॉल्बीने ‘डॉल्बी व्हिजन २’ जाहीर केले, पहिला टीव्ही हायसेन्सचा असेल असे सांगून. त्यात उजेडासोबत हालचालीचाही विचार आहे: कॅमेरा फिरताना दिसणारा धक्का किती गुळगुळीत करायचा, हे शॉटगणिक निर्मात्याने ठरवायचे. दोन-तीन महिन्यांत सॅमसंगकडून ‘एचडीआर १० प्लस ॲडव्हान्स्ड’ची घोषणा झाली, आणि त्यातही हालचालीचे कलम आहेच. चिठ्ठी लांबत चालली आहे.

या सगळ्या धावपळीत घरच्या टीव्हीचे निट दरवर्षी वाढत असताना, डॉल्बीनेच उभारलेल्या सिनेमागृहांतला आकडा मात्र पाहण्यासारखा आहे. देशातला पहिला ‘डॉल्बी सिनेमा’ २०२५ मध्ये पुण्यात, खराडीच्या सिटी प्राइडमध्ये सुरू झाला. तिथे लेसर प्रोजेक्टरने डॉल्बी व्हिजनमधले चित्र दाखवतात. साध्या थिएटरच्या पडद्यावर ४८ निटच्या आसपास उजेड असतो. या पद्धतीत तो जास्तीत जास्त १०८ निटच्या घरात जातो. म्हणजे दिवाणखान्यातला सर्वांत स्वस्त ‘एचडीआर सपोर्ट’ टीव्हीसुद्धा याच्या दुपटीने उजळ. पण या सिनेमागृहांच्या भिंती काळ्या, चकाकी नसलेल्या असतात, आणि उजेड गळेल अशी फट ठेवलेली नसते. डॉल्बी सिनेमात मुख्य चित्र सुरू होण्याआधी अनेकदा एक छोटा प्रयोग दाखवतात. आधी पडद्यावर नेहमीच्या प्रोजेक्टरचा ‘काळा’ रंग येतो, आणि सगळ्यांना तो काळाच वाटतो. मग तो बंद होऊन खरा काळा येतो. पडद्याची चौकट कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, हे क्षणभर कोणालाच कळत नाही.